स्कूल डिस्ट्रिक्ट आणि अर्ली हेड स्टार्टशी करार करण्यापूर्वी

आपला प्रश्न मला असा समजला. आपण न्यू जर्सीत परवानाधारक बालसंगोपन केंद्र चालवता. तेथे काही आठवड्यांच्या बाळांपासून पाच वर्षांच्या मुलांपर्यंत सगळी मुले एकाच छताखाली असतात, बहुतेक पालक शुल्क भरतात आणि काहींना राज्याची सबसिडी मिळते. आता गावच्या स्कूल डिस्ट्रिक्टने (गावच्या सार्वजनिक शाळा चालवणाऱ्या संस्थेने) तीन आणि चार वर्षांच्या मुलांचे दोन सार्वजनिक प्रीस्कूल वर्ग आपल्या केंद्रात चालवावेत असे सुचवले आहे, आणि अर्ली हेड स्टार्ट या गरीब कुटुंबांतल्या लहानग्यांसाठीच्या संघीय कार्यक्रमाचे अनुदान घेणाऱ्या जवळच्या एका संस्थेने तीन वर्षांखालील आठ मुलांच्या जागांसाठी भागीदारी विचारली आहे. दोन्ही स्वीकारावेत, एकच स्वीकारावा की दोघांनाही नम्र नकार द्यावा, असे आपण विचारले आहे.

माझे मत स्वीकारावेत असे आहे. मात्र करार ज्या तासांचे, ज्या वयाच्या मुलांचे आणि ज्या रिकाम्या जागेचे पैसे देत नाही, तो खर्च कोण सोसणार हे लेखी ठरल्याशिवाय सही करू नये. या क्षेत्रात मी दोन्ही बाजूंनी काम केले आहे. आधी केंद्राच्या बाजूने असे करार पाळले आणि नंतर अनुदानधारक संस्थेच्या बाजूने लिहिले. बोलणी अभ्यासक्रमावर, निरीक्षणाच्या पद्धतीवर, वर्गातल्या कोपऱ्यांच्या मांडणीवर तासन्‌तास चालतात. भागीदाऱ्या मोडताना मी पाहिल्या आहेत त्या बहुतेक या न लिहिलेल्या खर्चावरून.

हा पेच मुळात का आहे ते आधी पाहणे उपयोगाचे ठरेल, कारण समोर बसलेला अधिकारी आडमुठा वाटतो तेव्हा तो बहुधा त्याच्या निधीचा इतिहास बोलत असतो. अमेरिकेत लहान मुलांसाठीचा सार्वजनिक पैसा तीन वेगळ्या वाटांनी आला. हेड स्टार्ट १९६५ साली अध्यक्ष जॉन्सन यांच्या दारिद्र्यविरोधी मोहिमेतून सुरू झाले. त्याचा रोख गरीब मुलाचे आरोग्य, पोषण, शिक्षण आणि त्याच्या कुटुंबाची उभारी यांवर होता, आईच्या नोकरीच्या वेळांवर नव्हता. तीन वर्षांखालील मुलांसाठीचे अर्ली हेड स्टार्ट १९९४ च्या कायद्याने त्याला जोडले गेले. बालसंगोपनाची सबसिडी १९९० च्या संघीय कायद्यातून आली आणि १९९६ च्या कल्याणकारी योजनांच्या फेररचनेत ती पालकांच्या रोजगाराशी अधिकच घट्ट बांधली गेली. तिसरी वाट राज्यांच्या प्रीस्कूलची. ती शाळांच्या अंदाजपत्रकातून जाते आणि शाळेच्याच घड्याळाने चालते. या सगळ्याला एका सूत्रात बांधू शकणारे एक विधेयक १९७१ मध्ये काँग्रेसने मंजूर केले होते, पण अध्यक्ष निक्सन यांनी त्यावर नकाराधिकार वापरला. तेव्हापासून हे प्रवाह जोडण्याचे काम प्रत्यक्षात आपल्यासारख्या केंद्रचालकांच्या टेबलावर येऊन पडले आहे.

न्यू जर्सीची गोष्ट आणखी विशेष आहे. ॲबट विरुद्ध बर्क या खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये सर्वांत गरीब स्कूल डिस्ट्रिक्ट्सनी (त्यांची संख्या पुढे ३१ झाली) तीन आणि चार वर्षांच्या सर्व मुलांना प्रीस्कूल द्यावे असा आदेश दिला. शाळांत तितक्या खोल्याच नव्हत्या, म्हणून डिस्ट्रिक्ट्सनी खाजगी केंद्रांशी आणि हेड स्टार्टशी करार केले. सुरुवातीला केंद्रांतील वर्गांना शाळेतील वर्गांपेक्षा सैल निकष लावले गेले, तेव्हा न्यायालयाने २००० मध्ये पुन्हा बजावले की मूल कोणत्याही इमारतीत बसले तरी दर्जा एकच हवा. त्यातूनच वर्गात जास्तीत जास्त १५ मुले, एक प्रमाणपत्रधारक शिक्षक आणि एक सहायक हा नियम पक्का झाला. केंद्रांतील शिक्षकांना पदवी आणि पी-थ्री (प्रीस्कूल ते तिसरीपर्यंत शिकवण्याचे) प्रमाणपत्र मिळवण्यासाठी २००४ च्या सप्टेंबरपर्यंत मुदत मिळाली आणि त्यासाठी राज्याने शिष्यवृत्त्याही दिल्या. २००८ च्या शालेय निधी कायद्याने हा विस्तार इतर डिस्ट्रिक्ट्सपर्यंत नेण्याचे ठरवले, पण त्याला खरी गती २०१८ पासून प्रीस्कूल विस्तार निधी सुरू झाल्यावर आली. आपल्याकडे आलेला प्रस्ताव याच लाटेतला असावा.

इतर राज्यांशी तुलना करायची तर वेस्ट व्हर्जिनियाच्या कायद्यात किमान निम्मे वर्ग केंद्रे आणि हेड स्टार्ट यांच्या भागीदारीत चालवण्याची अट आहे. जॉर्जियात राज्याचा विभाग खाजगी केंद्रांशी थेट करार करतो. व्हरमाँटमध्ये सार्वजनिक हमी आठवड्याला फक्त १० तासांची आहे. आपल्याकडे मात्र सगळे डिस्ट्रिक्टच्या हाती असते. म्हणजे आपला भागीदारच आपला स्पर्धकही आहे, कारण तोच वर्ग तो उद्या शाळेच्या इमारतीत उघडू शकतो.

आता हिशेबाकडे येऊ. डिस्ट्रिक्टचा करार दिवसाला ६ तास आणि वर्षाला १८० दिवसांचा असतो, म्हणजे १,०८० तासांचा. आपले केंद्र दिवसाला १० तास आणि वर्षाला सुमारे २४५ दिवस उघडे असते असे धरले तर एकूण २,४५० तास होतात. उरलेले १,३७० तास, म्हणजे अर्ध्याहून अधिक, डिस्ट्रिक्टच्या करारात कोठेही नाहीत. सकाळी सात ते नऊ, दुपारी तीन ते पाच, शाळेच्या सुट्ट्या आणि संपूर्ण उन्हाळा यांचा पैसा पालकांच्या शुल्कातून किंवा सबसिडीतून यावा लागतो. आज आपण हा खर्च पूर्ण दिवसाच्या एकाच शुल्कात मिसळून टाकता, म्हणून तो दिसत नाही. करार झाल्यावर मधले सहा तास मोफत होतात आणि पालकांना साहजिकच वाटते की उरलेल्या वेळेचे शुल्कही नाममात्र असेल. ते तसे असू शकत नाही, कारण इमारतीचे भाडे आणि विमा पूर्ण दिवसाचाच भरावा लागतो, आणि सकाळी दोन व संध्याकाळी दोन तासांसाठी चांगला माणूस मिळवणे आठ तासांच्या माणसापेक्षा अवघड असते. आपल्या अंदाजपत्रकात सगळी तीस मुले आधी-नंतरच्या वेळेसाठी थांबतील असे गृहीत धरू नका. काही पालक केवळ सहा तासांपुरते येतील आणि त्यांचा तो हक्क आहे. जादा तास विकत घेण्याची अट घालून मोफत जागा देता येत नाही, आणि तसा गैरसमज नोंदणीच्या कागदातल्या एखाद्या वाक्यातूनही होऊ नये.

मुलांमागे माणसांचे प्रमाण हा दुसरा हिशेब. आपल्या राज्याच्या परवान्यानुसार तीन वर्षांच्या १० मुलांमागे एक प्रौढ चालतो, म्हणजे दोघांत २० मुले. प्रीस्कूलच्या नियमाने त्याच दोघांत १५ मुले बसतील. पाच शुल्के कमी झाली, त्यात एक शिक्षक पी-थ्री प्रमाणपत्रधारक आणि डिस्ट्रिक्टच्या तोडीच्या पगाराचा झाला. डिस्ट्रिक्ट प्रति मूल जी रक्कम सांगते ती आजच्या शुल्काच्या शेजारी ठेवून पाहिली तर भरघोस वाटते. ती या दोन गोष्टींच्या शेजारी ठेवून पाहावी.

अर्ली हेड स्टार्टमध्ये ही दरी आणखी रुंद आहे. तेथे तीन वर्षांखालील प्रत्येक ४ मुलांमागे एक शिक्षक आणि गटात साधारणपणे ८ च मुले असा संघीय नियम आहे. अगदी लहान बाळांसाठी राज्याचा परवानाही ४ मुलांमागे एकच प्रौढ मागतो, त्यामुळे तेथे मुख्य फरक गटाच्या आकारात पडतो. दीड ते अडीच वर्षांच्या खोलीत मात्र परवाना ६ मुलांमागे एक प्रौढ चालवून घेतो. दोघांत १२ मुले असलेली आपली खोली अर्ली हेड स्टार्टची झाली की त्याच दोघांत ८ मुले राहतील. याचा अर्थ असा की त्या आठ जागांपैकी प्रत्येक जागेने आजच्या दीडपट उत्पन्न आणले तरच खोली पूर्वीच्या ठिकाणी राहील, आणि यात डायपर, फॉर्म्युला, प्रशिक्षण, पालकभेटी यांचा खर्च अजून धरलेलाच नाही. येथे एक गोष्ट अनेक जण विसरतात. प्रमाणाचा नियम खोलीला लागतो, एकट्या अनुदानित मुलाला नाही. चार अनुदानित आणि चार शुल्क भरणारी मुले एकत्र बसवली तर उरलेल्या चौघांनाही तो दर्जा मिळतो, पण त्यांच्या वाट्याचा जादा खर्च अनुदानातून मिळेलच असे नाही. म्हणून आठही जागा एकाच खोलीत असाव्यात, दोन खोल्यांत विखरू नयेत, असा आग्रह धरावा.

आता मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. आपल्या केंद्रात बाळांची खोली आज कशी चालते ते प्रामाणिकपणे पाहा. चार बाळांमागे एक माणूस ठेवून त्याचा पूर्ण पगार भरून निघेल इतके शुल्क बहुतेक पालकांना झेपत नाही. ती तूट चार वर्षांच्या मुलांच्या शुल्कातून भरली जाते, कारण त्या वर्गात एका माणसामागे मुले जास्त असतात. डिस्ट्रिक्टच्या करारात नेमकी तीच मुले जातात. त्यांच्यासाठी येणारा पैसा त्याच वर्गावर खर्च करण्यास बांधलेला असतो, उरलेला बहुधा परत करावा लागतो, आणि त्यातून बाळांची खोली चालवता येत नाही. न्यूयॉर्क शहराने २०१४ पासून सार्वत्रिक प्रीस्कूल झपाट्याने वाढवले, तेव्हा दोन वर्षांखालील मुलांसाठी केंद्रांतली क्षमता घटल्याचे अर्थशास्त्रीय अभ्यासात दिसून आले. कॅलिफोर्नियात चार वर्षांची मुले शाळांच्या ट्रान्झिशनल किंडरगार्टनमध्ये (किंडरगार्टनच्या आधीच्या मोफत वर्गात) जाऊ लागल्यावर केंद्रचालकांनी मांडलेली तक्रार हीच होती. कोणाचाही हेतू वाईट नव्हता. मोठ्या मुलांसाठी पैसा आला आणि लहानांखालचा आधार निघाला.

म्हणूनच आपल्याकडे आलेले दोन प्रस्ताव मी सुटे पाहत नाही. डिस्ट्रिक्टचा करार बाळांच्या खोलीखालून जो आधार काढून घेतो, त्याचा काही भाग अर्ली हेड स्टार्ट परत देऊ शकते. एकटा डिस्ट्रिक्टचा करार घेतला तर दोन-तीन वर्षांत बाळांची खोली बंद करण्याची वेळ येण्याची मोठी शक्यता आहे. दोघांनाही नकार दिल्यास आजची स्थिती टिकेल असेही नाही, कारण डिस्ट्रिक्ट आपले मोफत वर्ग दुसरीकडे उघडेल आणि आपली तीन-चार वर्षांची मुले तिकडे जातील. मात्र दोन्ही एकाच सप्टेंबरात सुरू करू नका. दोन नव्या नियमावल्या, दोन निरीक्षक आणि दोन हिशेबपद्धती एकाच महिन्यात कोणत्याही संचालकाला पेलत नाहीत. आधी डिस्ट्रिक्टचे वर्ग आणि किमान सहा महिन्यांनी अर्ली हेड स्टार्ट असा क्रम मी सुचवीन, अनुदानधारक संस्थेला तेवढा अवधी देणे शक्य असेल तर.

अर्ली हेड स्टार्ट आणि सबसिडी एकत्र वापरता येते का, असेही आपण विचारले आहे. येते, आणि ही भागीदारी मुळात त्याच कल्पनेवर उभी आहे. २०१४ च्या संघीय अर्थसंकल्पात काँग्रेसने अर्ली हेड स्टार्टचा विस्तार आणि बालसंगोपन केंद्रांशी भागीदारी यांसाठी ५० कोटी डॉलर ठेवले तेव्हा अपेक्षा हीच होती की सबसिडीने मुलाच्या सांभाळाचा मूळ खर्च द्यावा आणि अर्ली हेड स्टार्टने दर्जाचा वाढीव खर्च उचलावा: कमी मुलांमागे जास्त माणसे, शिक्षकांचे प्रशिक्षण, विकासाची तपासणी, कुटुंबाला मदत, डायपर आणि फॉर्म्युला. मनाई आहे ती एकच खर्च दोन ठिकाणी दाखवायला. डिस्ट्रिक्टच्या सहा तासांसाठी सबसिडीचे बिल लावता येत नाही. आधीच्या आणि नंतरच्या तासांसाठी लावता येते. हे पाळायचे तर प्रत्येक कर्मचाऱ्याच्या वेळेची नोंद कोणत्या तासाला कोणत्या निधीवर होती अशी हवी, भाडे खोल्यांच्या क्षेत्रफळाने वाटलेले हवे, आणि आपला स्वतःचा पगार कोणत्या प्रमाणात विभागला आणि का, हे एका पानावर आधीच लिहून ठेवलेले हवे. वर्षअखेरीस मागे वळून केलेली वाटणी लेखापरीक्षक ओळखतात.

अडचण येते ती पात्रतेत. अर्ली हेड स्टार्ट प्रामुख्याने संघीय दारिद्र्यरेषेखालील, सार्वजनिक साहाय्य घेणाऱ्या, बेघर किंवा फॉस्टर केअरमधल्या (सरकारने दुसऱ्या कुटुंबाकडे सांभाळायला दिलेल्या) मुलांसाठी आहे; न्यू जर्सीची सबसिडी दारिद्र्यरेषेच्या दुप्पट उत्पन्नापर्यंतच्या काम करणाऱ्या कुटुंबांना दिली जाते. त्यामुळे आपल्याकडची सबसिडीवरची अनेक मुले अर्ली हेड स्टार्टसाठी जास्त उत्पन्नाची ठरतील, आणि अगदी गरीब घरांपैकी काहींना पुरेसे कामाचे तास नसल्यामुळे सबसिडी मिळणार नाही. दोन्हींत बसणारे कुटुंब मिळते, पण शोधावे लागते. शिवाय दोन्हींची दिनदर्शिका जुळत नाही. सबसिडीची पात्रता किमान १२ महिने टिकते आणि मग पुन्हा तपासली जाते. अर्ली हेड स्टार्टमध्ये एकदा घेतलेले मूल साधारणपणे तीन वर्षांचे होईपर्यंत पात्र राहते. याचा अर्थ मधल्या काळात आईची नोकरी गेली आणि सबसिडी थांबली तरी मुलाला काढायचे नाही. हे योग्यच आहे. पण त्या महिन्यांचा मूळ खर्च कोणी द्यायचा? अनुदानधारक संस्था देईल, किती महिने देईल आणि राज्याने नवे अर्ज घेणे थांबवले तर काय, हे एका कलमात स्पष्ट लिहून घ्या. हे कलम नसलेला करार मी माझ्या ओळखीच्या कोणालाही सही करू देणार नाही.

रिकाम्या जागेचेही तसेच. हेड स्टार्टच्या नियमानुसार संस्थेने रिकामी जागा ३० दिवसांत भरायची असते आणि नोंदणी सतत ९७ टक्क्यांखाली राहिली तर संस्थेचा निधी कमी होऊ शकतो. त्यामुळे संस्था आपल्यावर भराभर मुले घेण्याचा दबाव आणेल. दबाव रास्त आहे, पण पात्र कुटुंब शोधण्याची आणि कागदपत्रे तपासण्याची जबाबदारी त्यांची असेल तर त्या ३० दिवसांचे पैसेही त्यांनीच दिले पाहिजेत. डिस्ट्रिक्टच्या बाजूला नोंदणी आणि प्रतीक्षायादी डिस्ट्रिक्टच्या हाती असते. पैसे उपस्थितीवर, नोंदलेल्या मुलांवर की वर्गावर मिळणार, हे विचारा. वर्गाला एकच दर मिळाला तर उत्तम, कारण १५ ऐवजी १३ मुले आली म्हणून शिक्षकाचा पगार कमी होत नाही.

पैसे केव्हा मिळतात हेही कमी महत्त्वाचे नाही. खर्च करून मग परतावा, अशी पद्धत असेल तर पहिले दोन-तीन महिने आपल्याला स्वतःच्या गंगाजळीतून पगार द्यावे लागतील. आगाऊ मासिक हप्ता मागा. तो नाकारला गेला तर बँकेकडून खेळत्या भांडवलाची सोय आधीच करून ठेवा. चांगली केंद्रे केवळ उशिरा आलेल्या पैशांमुळे भागीदारीतून बाहेर पडलेली मी पाहिली आहेत.

पगाराचा प्रश्न नाजूक आहे. डिस्ट्रिक्टच्या वर्गातल्या पी-थ्री शिक्षिकेला डिस्ट्रिक्टच्या श्रेणीशी तुल्य पगार मिळेल. भिंतीपलीकडच्या बाळांच्या खोलीतली शिक्षिका कदाचित आपल्याकडे तिच्याहून अधिक काळ असेल आणि तिला त्याच्या बराच खाली पगार असेल. तुल्य पगार मिळूनही आपल्या काही प्रमाणित शिक्षिका डिस्ट्रिक्टच्या शाळेत जाऊ शकतात, कारण राज्याच्या शिक्षक निवृत्तिवेतन निधीचे सदस्यत्व केंद्राच्या कर्मचाऱ्यांना मिळत नाही आणि शाळेला उन्हाळ्याची सुट्टी असते. न्यूयॉर्क शहरात शाळेतल्या आणि समाजसंस्थांतल्या प्रीस्कूल शिक्षकांच्या पगारांतली ही दरी इतकी वाढली की २०१९ मध्ये शहराला कामगार संघटनेबरोबर पगार जुळवण्याचा करार करावा लागला, आणि त्याचा लाभही आधी प्रमाणित शिक्षकांनाच झाला. हेड स्टार्टनेही २०२४ च्या नियमाने सार्वजनिक प्रीस्कूलच्या शिक्षकांच्या पगाराकडे जाण्याची मुदत २०३१ पर्यंत ठेवली आहे, लहान संस्थांना त्यात बरीच सूट आहे. आपण दोन गोष्टी करू शकता. अर्ली हेड स्टार्टच्या अंदाजपत्रकात त्या आठ मुलांच्या दोन शिक्षिकांची पगारवाढ स्वतंत्र ओळ म्हणून मागा. आणि आपल्या सहायकांपैकी कोणाला पी-थ्री प्रमाणपत्राकडे न्यायचे ते आजच ठरवा. बाहेरून आलेल्या शिक्षिकेपेक्षा आपल्याकडे वाढलेली शिक्षिका जास्त काळ राहते, असा माझा अनुभव आहे.

कागदी कामाचा आवाका आधी समजून घ्या. अर्ली हेड स्टार्टमध्ये मूल आल्यापासून ४५ दिवसांत विकासाची प्राथमिक तपासणी, ९० दिवसांत आरोग्याच्या नोंदी अद्ययावत आहेत की नाहीत याचा निर्णय, वर्षाला किमान दोन गृहभेटी आणि दोन पालकसभा, प्रत्येक शिक्षिकेकडे चारपेक्षा जास्त मुलांची मुख्य जबाबदारी नाही, अशी ही यादी आहे. यापैकी कोणते काम संस्थेची कुटुंब-कार्यकर्ती करेल आणि कोणते आपली शिक्षिका, ते नावानिशी लिहा. शिक्षिका गृहभेटीला गेली की तिच्या जागी प्रमाण सांभाळायला बदली माणूस लागतो. त्याचे पैसे कोण देणार हा प्रश्न बैठकीत कोणी स्वतःहून काढत नाही. डिस्ट्रिक्टची प्रशिक्षक आणि हेड स्टार्टची प्रशिक्षक यांनी एकाच केंद्रात परस्परविरोधी सूचना देऊ नयेत म्हणून तिमाहीला एक संयुक्त बैठक ठेवावी. अभ्यासक्रम वेगळे असले तरी फारसे बिघडत नाही, कारण वयोगटच वेगळे आहेत.

एखाद्या खोलीत मूल क्षणभर नजरेआड राहिले तर ती घटना अर्ली हेड स्टार्टच्या दृष्टीने संघीय कार्यालयाला कळवण्याची बाब ठरते, आणि तिचा ठपका अनुदानधारक संस्थेवर येतो. अशा ठपक्यांमुळे पाच वर्षांच्या अनुदानासाठी संस्थेला पुन्हा स्पर्धेत उतरावे लागू शकते. त्यामुळे त्यांची माणसे न सांगता येतील, हजेरीपत्रक तपासतील, दारे मोजतील. राज्याच्या परवाना विभागाच्या वार्षिक भेटीची सवय असलेल्या कर्मचाऱ्यांना हे अविश्वासासारखे वाटते. त्यांना यामागचे कारण आधी सांगून ठेवावे.

तीन किरकोळ वाटणाऱ्या बाबी. जेवणाचा खर्च संघीय बाल आणि प्रौढ आहार कार्यक्रमातून परत मिळतो आणि हेड स्टार्टची मुले उत्पन्नाचा वेगळा पुरावा न देता त्यात मोफत गटात धरली जातात. आपण अजून त्यात नसाल तर आधी तेथे नोंदणी करा. हेड स्टार्ट संस्थेला एकूण खर्चाच्या २० टक्के वाटा संघीय नसलेल्या स्रोतातून दाखवावा लागतो, म्हणून ती आपल्याला बाजारभावापेक्षा कमी घेतलेल्या भाड्याची किंवा पालकांच्या स्वयंसेवी तासांची नोंद मागेल. ती जरूर द्या, पण संघीय सबसिडीचा पैसा त्यात धरता येत नाही. आणि डिस्ट्रिक्टच्या सहा तासांत धार्मिक शिक्षण चालत नाही. सणाची ओळख आणि प्रार्थना यांतली रेषा कर्मचाऱ्यांना आधीच समजावून द्यावी.

पालकांना काय सांगाल याचा विचार सप्टेंबरच्या आत व्हायला हवा. डिस्ट्रिक्टची जागा त्या डिस्ट्रिक्टमध्ये राहणाऱ्या मुलालाच मिळते. शेजारच्या गावातून येणारी आपली जुनी मुले वर्षानुवर्षे आपल्याकडे असली तरी त्या दोन वर्गांत बसू शकणार नाहीत, आणि लहान भाऊ बाळांच्या खोलीत तर मोठी बहीण दुसऱ्या इमारतीत अशी वेळ काही कुटुंबांवर येईल. अशा मुलांसाठी शुल्काचा एक मिश्र वयोगटाचा वर्ग निदान दोन वर्षे चालू ठेवता आला तर ठेवावा. तो नफ्यात चालणार नाही, पण त्या कुटुंबांची बाळे आपल्याकडे राहतील. विशेष गरजा असलेल्या मुलांबाबत मात्र भागीदारीचा निखळ फायदा आहे. तीन वर्षांवरील मुलाच्या मूल्यमापनाची आणि सेवांची जबाबदारी डिस्ट्रिक्टची असते, आणि डिस्ट्रिक्टचाच वर्ग आपल्या इमारतीत असल्यावर उपचारतज्ज्ञ तेथे येऊ शकतात. अर्ली हेड स्टार्टनेही आपल्या जागांपैकी किमान १० टक्के जागा अशा मुलांसाठी भरायच्या असतात, त्यामुळे दोन वर्षांच्या मुलाची सेवा तिसऱ्या वाढदिवशी तुटू नये यासाठी दोन्ही भागीदारांना एकाच टेबलावर आणणे आपल्याला शक्य होईल.

शेवटी करार संपवण्याचे कलम. डिस्ट्रिक्टचे करार वर्षावर्षाचे असतात आणि राज्याच्या अंदाजपत्रकावर अवलंबून असतात. नूतनीकरणाचा निर्णय वसंत ऋतूत, पुढच्या वर्षीचे प्रवेश सुरू होण्याआधी, ठरावीक तारखेपर्यंत कळवला जाईल असे लिहून घ्या. जुलैमध्ये नकार कळला तर तीस जागा शुल्काने भरायला वेळच उरत नाही. त्यांच्या पैशाने घेतलेले टेबल, खेळाच्या मैदानातले साहित्य आणि वर्गातली पुस्तके करार संपल्यावर कोणाची, याची यादी सुरुवातीलाच करा. सुरुवातीचा खर्च, म्हणजे खोली नव्या निकषांत बसवणे, नवीन नळ-शौचालये, कुंपण, आपण केला असेल आणि डिस्ट्रिक्टने पहिल्याच वर्षानंतर माघार घेतली तर त्यातला किती भाग परत मिळेल, हे मागून पाहा. बहुधा पूर्ण मिळणार नाही, पण मागितल्यावर अंशतः देणारी डिस्ट्रिक्ट्स आहेत. दोन्ही मसुदे हाती आले की सार्वजनिक अनुदानाचे काम केलेल्या लेखापालाकडून एका वर्षाचा महिनावार रोख प्रवाह काढून घ्या, आणि तो तयार होईपर्यंत दोन्ही ठिकाणी उत्तरासाठी मुदत मागा.